तिने लावून ठेवलेला सूर

मित्रांनो, आधी कबुली देते, मग ओळख सांगते. मी एका आईला नऊ वर्षं फसवलं. मुद्दाम नाही, पण फसवलं. तुम्ही म्हणाल, लाकडाची वस्तू ती, ती कोणाला काय फसवणार? तर ऐका. मी गिटार आहे, वय वर्षं एकसष्ट. पोटाला एक जुनी भेग आहे, मानेचं एक ऑपरेशन झालेलं आहे आणि सहा खुंट्यांपैकी एक दुसऱ्याच कुठल्यातरी गिटारीची आहे. बाकी तब्येत ठीक आहे.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. तिथे सरस उकळत असायचा आणि त्याचा उग्र वास सगळ्यांच्या कपड्यांना चिकटलेला असायचा. पाठ आणि कडा महोगनीच्या, बोटं फिरतात ती पट्टी काळ्या शिसवीची, आणि पुढची फळी थंड डोंगरातल्या स्प्रूसच्या झाडाची. ही पुढची फळी म्हणजेच गिटारीचा खरा गळा. ती तासणारा कारागीर मितभाषी होता. रंध्याचा एक हात मारायचा, फळी कानाजवळ धरायचा, बोटाच्या पेराने टकटक करून ऐकायचा, मान हलवायचा आणि पुन्हा एक हात मारायचा. माझ्या बाबतीत तो थांबलाच नाही. थोडं अजून, थोडं अजून करत त्याने मला केसभर जास्तच पातळ केलं.

मुकादमाने मला उजेडात धरून बघितलं. "अरे, ही फुंकरीनेसुद्धा हलेल."

"म्हणूनच तर," कारागीर म्हणाला.

"तारांचा ताण कोण सोसणार? तू?"

कारागिराने मला उचलून पुन्हा कानाशी धरलं. मला टाकून दिलं नाही, एवढं मात्र खरं. अशी मी जन्मापासून हलक्या कानाची आहे. माणसांमध्ये कोणाला हलक्या कानाचा म्हटलं की ती शिवी होते. माझ्या बाबतीत ते नुसतं वर्णन आहे. खोलीत कोणी कप ठेवला तरी माझ्या पोटात काहीतरी हलतं.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं कळेल. एखादी तार ज्या सुराला लावलेली असते, तोच सूर खोलीत दुसरीकडे कुठे उमटला, तर ती तार आपोआप गुणगुणते. कोणी हात लावावा लागत नाही. हे काही भूतबीत नाही. सगळ्या तंतुवाद्यांना ही खोड असते. मला जरा जास्त आहे.

पहिली पंधरा वर्षं मी एका नाचघरातल्या वादकाकडे काढली. त्याच्या बोटांनी माझ्या पहिल्या तीन पडद्यांवर खड्डे पाडले. पडदे म्हणजे त्या पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कड्या. मग त्याची बोटं आखडली आणि त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानात विकलं. दुकानदाराने माझ्या तारा काढून घेतल्या आणि माझ्या डोक्याला छत्री अडकवली. ती छत्री पंचवीस वर्षं तिथेच होती. मला तो केवढा अपमान वाटायचा! पण तारा नव्हत्या म्हणून माझी मान त्या पंचवीस वर्षांत सरळ राहिली. अपमानाचाही कधीकधी असा फायदा होतो.

आणि एके दिवशी बिट्टी आली.

हे तिचं घरातलं नाव. खरं नाव मी फक्त एकदाच ऐकलं, तेही नको त्या दिवशी. बिट्टी बावीस वर्षांची होती, एका बेकरीत गल्ल्यावर बसायची, आणि पहिल्या पगारांतून साठवलेले पैसे घेऊन आईला सोबत घेऊन आली होती. तिने छत्री काढली, मला उचललं आणि नाक थेट माझ्या पोटावरच्या गोल भोकात घातलं.

"आई, वास बघ ना."

"वास बघून कोणी बाजा घेतं का? आवाज बघ."

"तारा कुठे आहेत?"

"म्हणजे आवाज न ऐकताच घेणार?"

"हो."

आईने कपाळाला हात लावला. मित्रांनो, जुनी गिटार अशी घेत नाहीत. मान वाकली आहे का, पडदे किती झिजले, पुढची फळी अखंड लाकडाची आहे की पातळ पापुद्रे चिकटवलेली, हे सगळं बघावं लागतं. बिट्टीने काहीच बघितलं नाही. तिचं नशीब बलवत्तर, की माझं, कोण जाणे. मी ठणठणीत निघाले.

त्या घराच्या पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन होतं. आई शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. बाबा घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसायचे. मला नव्या सहा तारा चढल्या, मशीनसमोरच्या भिंतीवर एक खिळा ठोकला गेला आणि मी तिथे लटकले. दुपारी बिट्टी कामावरून यायची. तिच्या नखांत पीठ असायचं, ते अजूनही माझ्या सांध्यांत कुठेतरी आहे. ती सूर लावायला बसली की तासभर लावतच बसायची. स्वतः एक सूर गुणगुणायची आणि पाचवी तार त्याला आणून मिळवायची, मग बाकीच्या.

"अगं, गाणं कधी सुरू होणार?" आई मशीनवरून विचारायची.

"थांब ना. अजून बसला नाही."

"तोपर्यंत माझे दोन फ्रॉक होतात."

अशी तीन वर्षं गेली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती, हे मी लपवत नाही.

एका मंगळवारी तिची पाळी बदलली होती. सकाळी उशिरा निघायचं होतं. तिने मला मांडीवर घेतलं, सावकाश सूर लावला, पाचव्या तारेवर कान ठेवून स्वतःशीच मान डोलवली, आणि तेवढ्यात घड्याळाकडे बघून उठली. मला खिळ्याला अडकवताना आईला म्हणाली, "मस्त लागलीय. आल्यावर वाजवते. तारांना हात नको लावूस हं."

ती आलीच नाही. चौकात वळणावर एक ट्रक मागे येत होता, एवढंच मला बोलण्यातून कळलं. दुपारी दोन माणसं तिची पिशवी घेऊन आली आणि त्यांनी दारात तिचं पूर्ण नाव विचारलं.

त्यानंतर घरात काय झालं ते मी सांगणार नाही. ज्यांनी बघितलं आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांनी ते बघू नये.

दीड महिन्याने कोणीतरी पाहुण्या मला उतरवायला गेल्या, धूळ पुसायला. आई मशीनवरून ताडकन उठली. "हात लावू नका. तिने सूर लावून ठेवलाय. सांगून गेलीय ती." पाहुण्यांनी हात मागे घेतला. त्या दिवसापासून घरात तो नियमच झाला. मला पुसायचं ते फक्त मागून, कुंचल्याने, आणि तेही आईनेच.

मित्रांनो, ती साधं बोलून गेली होती. सकाळच्या घाईत आपण सगळेच बोलतो तसं. तिला काय माहीत, तिचं ते वाक्य नऊ वर्षं पाळलं जाणार आहे.

मग आई पुन्हा शिवायला बसली. पोट कोणाला चुकलंय? तिने पायडल दाबलं, मशीनचा आवाज हळूहळू चढत गेला आणि एका जागी येऊन माझ्या पाचव्या तारेच्या सुराला मिळाला. मी गुणगुणले. मला थांबवता येत नाही, मी काय करू? आईचा पाय थांबला. मीही थांबले. तिने पुन्हा पायडल दाबलं, त्याच वेगाला आणलं. मी पुन्हा गुणगुणले.

"अहो," तिने हाक मारली. "ऐका."

बाबा ओल्या पायांनी आले. ऐकलं. "मशीनचा आवाज घुमतोय भिंतीत."

"मशीन पंधरा वर्षांचं आहे. आधी कधी घुमला?"

आधीही घुमायचा. पण तेव्हा बिट्टी वाजवत असायची, नाहीतर मला उतरवलेलं असायचं, कोण लक्ष देणार? बाबांना हे सुचलं नाही. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

आईने त्यातून एक पद्धत काढली. ती शिवता शिवता बोलायची. "आज गणवेशाचं कापड आलंय गं. बाही लांब ठेवू का?" आणि मग पायडल हळूहळू दाबत जायची. मी गुणगुणले की तिचा जीव भांड्यात पडायचा. घरातला प्रत्येक निर्णय असा माझ्याकडून होऊ लागला. खिडकीचा रंग, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, पाहुण्यांना बोलवायचं की नाही. मी एक पातळ फळी, आणि मी त्या घराची कारभारीण झाले.

आता माझं पाप सांगते. तारा थांबत नाहीत. ओल येते, ऊन येतं, लाकूड फुगतं, आकसतं, आणि तार थोडी थोडी उतरते. त्यात माझी फळी पातळ. तारांच्या ओढीने माझं पोट फुगायला लागलं आणि मान पुढे यायला लागली, आणि मान जितकी पुढे आली तितकी तार आणखी उतरली. बिट्टीने लावलेला सूर पहिल्या तीन महिन्यांतच गेला. तो माझ्या अंगात कुठेच राहिला नव्हता. हे फक्त मला माहीत होतं.

एक दिवस असा आला की मशीन नेहमीच्या वेगाला आलं आणि मी गुणगुणले नाही. आईने दहा वेळा करून बघितलं. दुसऱ्या दिवशीही केलं. आठवडा गेला. ती जेवेना.

"रागावलीय ती," ती बाबांना म्हणाली. "मी तिच्या चपला दिल्या ना शेजारच्या मुलीला."

"अगं, काहीतरीच काय?"

"काहीतरीच नाही. त्या दिवसापासूनच गप्प आहे."

आणि आई शेजारी गेली. चपला परत मागितल्या. ती मुलगी दहा-अकरा वर्षांची असेल. आमच्या उंबऱ्यावर उभी राहून तिने चपला पायातून काढल्या, एकमेकींवर आपटून माती झटकली आणि नीट जोडीने ठेवल्या. मग अनवाणी घरी गेली. तिची आई दारातून बघत होती. मला लाज वाटली. मी लाकूड असले म्हणून काय झालं?

पुढच्या पंधरवड्यात माझी चौथी तार उतरत उतरत बरोबर त्या वेगाच्या सुरावर आली. मी गुणगुणले. आई मशीनवर डोकं ठेवून रडली. तिला वाटलं, पोरीने माफ केलं.

अशी वर्षं गेली. एक तार सुटली की आई वेग बदलून शोधायची. कधी अगदी हळू शिवायची, कधी मशीन पळवायची. टाके वाकडेतिकडे पडायला लागले. एकदा वीस गणवेशांच्या शिवणी नागमोडी निघाल्या आणि शाळेने काम काढून घेतलं. आईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. बाबांना होतं. ते निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात बसून तो पायडलचा आवाज ऐकत होते, वर, खाली, वर, खाली.

नवव्या वर्षी, भर दुपारी, माझ्या अंगातून टक् असा आवाज झाला. तारा जिच्यावर बसतात ती घोडी फळीपासून सुटायला लागली होती. आई पांढरी पडली. "तिला काहीतरी होतंय," म्हणाली.

बाबांनी मग जाहिरात दिली. आईला न विचारता. त्यांनी मला आईच्याच टेपने मोजलं आणि लिहिलं, 'जुनी गिटार, लांबी तीन फूट चार इंच, रंग चहासारखा, तारा सहा, सर्व शाबूत.' त्यांच्या मते एवढी माहिती पुरेशी होती. फोन आला तेव्हा पलीकडच्या माणसाने नटची रुंदी विचारली. बाबा म्हणाले, "हिला नटबोल्ट काही नाही हो, सगळं चिकटवलेलं आहे." पलीकडचा माणूस हसला आणि म्हणाला, मीच येतो.

तो चष्म्यांचा दुकानदार होता. चाळिशीचा, हळू बोलणारा, खिशात लहान टॉर्च आणि दात बघायचा असतो तसला छोटा आरसा घेऊन आलेला. बाबांनी आईला सांगितलं होतं, "नुसतं तपासायला आलेत." आईने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. ती काही दूधखुळी नव्हती.

"बघा," ती म्हणाली. "पण तारांना हात लावायचा नाही."

त्याने मान डोलवली आणि मला टेबलावर चादरीवर ठेवलं. तोपर्यंत मला इतकं नीट कोणी बघितलं नव्हतं. आणि तो जे करत होता ते आईला सांगत होता, डोळे तपासताना सांगत असेल तसं.

"काकू, ही भोकाची कड बघा. वरच्या रेषा कडेतून सरळ आत गेल्यात. म्हणजे फळी अखंड आहे. चिकटवलेल्या पापुद्र्यांची असती तर कडेला थर दिसले असते." मग त्याने पोलादी पट्टी काढली. मानेच्या टोकाला तारा ज्या हाडाच्या खाचांतून जातात, तोच नट. त्याची रुंदी चव्वेचाळीस मिलिमीटर. "रुंद आहे. बोटांना जागा मिळते. जुन्या घडणीची खूण आहे." नटपासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजून त्याने दुप्पट केलं. "ही तारेची खरी लांबी. पूर्ण मापाची आहे." पहिल्या तीन पडद्यांवरच्या खड्ड्यांवरून त्याने बोट फिरवलं. "हे तुमच्याकडचं नाही. कोणीतरी वर्षानुवर्षं ह्याच जागी वाजवत होतं."

आई जवळ सरकली. तिला हे माहीत नव्हतं.

मग त्याने पट्टी मानेवर उभी धरली आणि वाकून बघितलं. सरळ मानेच्या गिटारीत ती पट्टी घोडीच्या माथ्याला टेकते. माझ्या बाबतीत ती घोडीच्या खूप खाली जाऊन आदळली. बाराव्या पडद्यापाशी तार अडीच मिलिमीटर उंच असावी लागते. माझी सात होती. त्याने पट्टी आडवी करून माझ्या पोटावर ठेवली, ती दोन्हीकडे डुलली.

"किती दिवस अशी ताणलेली आहे?"

"नऊ वर्षं," बाबा म्हणाले.

"एकदाही सैल केली नाही?"

आईने चादरीची घडी सारखी केली. त्याने आरसा भोकातून आत घातला, टॉर्च लावला, आणि फळीच्या आतल्या बाजूला बघितलं. तिथे पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. मित्रांनो, मला त्याचा पत्ता नव्हता. आपल्याच पोटात आतून काय लिहिलंय ते कोणाला वाचता येतं? आरशात अक्षरं उलटी दिसत होती, त्यामुळे त्याने अडखळत वाचलं. "फळी पातळ. हलक्या तारा लावा. वाजवून झालं की सैल करा."

तो मितभाषी कारागीर! माझं पोट बंद करायच्या आधी त्याने आत लिहून ठेवलं होतं, आणि ते कोणालाच दिसणार नाही अशा जागी लिहिलं होतं. असली चूक असल्याच माणसांच्या हातून होते.

चष्मेवाल्याने आरसा पुसला. "काकू, सहा तारा मिळून साधारण सत्तर किलोची ओढ असते. एक मोठा माणूस नऊ वर्षं हिच्या मानेला लोंबकळतोय असं समजा. ही आज ना उद्या मोडणार."

"म्हणजे मी मोडली," आई म्हणाली.

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच आहे. पण मी तारा सोडू शकत नाही हो. माझ्या मुलीने लावलाय तो सूर. तेवढाच उरलाय."

त्याने बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्याने खिशातून सूर तपासायचा धातूचा छोटा दोन टोकांचा काटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड माझ्या फळीवर टेकवलं. खोलीभर एक स्वच्छ सूर उमटला. माझी पाचवी तार गप्प राहिली.

"हा सूर पाचव्या तारेचा असतो," तो म्हणाला. "आणि तुमच्या मुलीने लावली होती तशीच असती तर ती आत्ता आपोआप वाजली असती. ती खूप खाली गेलीय. सगळ्याच गेल्यात. मला वाईट वाटतंय सांगताना, पण हा तिचा सूर नाही. तो पहिल्या काही महिन्यांतच उतरला असणार."

आईने पाचव्या तारेकडे बघितलं. मग तिने अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग इतकी वर्षं माझ्याशी कोण बोलत होतं?"

मी! आई, मी बोलत होते. मला ओरडून सांगायचं होतं. मला घसा असता तर त्या क्षणी मी तो फोडून घेतला असता. पण मला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही आणि तेव्हा कोणी वाजवत नव्हतं.

"शेजारच्या पोरीच्या चपला," आई म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले. "जाऊ दे. ठेवू आपण हिला तशीच. मोडली तर मोडली."

"नको." ती उठली. "मी सैल करते. दुसऱ्या कोणाचा हात नको."

तिने माझी पाचवी खुंटी धरली. आयुष्यभर सुई-दोरा धरलेली बोटं, पण खुंटी कुठे फिरवायची ते तिला माहीत नव्हतं. तिने उलट्या बाजूला फिरवली. तार सैल व्हायच्या ऐवजी चढायला लागली. माझं पोट करकरलं. चष्मेवाल्याचा हात पुढे आला आणि हवेतच थांबला. आई दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तार छेडत होती आणि खुंटी फिरवत होती, आणि सूर वर वर येत होता, नऊ वर्षं उतरलेला सगळा उतार चढत होता. आणि एका ठिकाणी ती थांबली.

तो तोच होता. बिट्टी गुणगुणायची तो. तिला काट्याची गरज पडली नाही.

"हा," आई म्हणाली. "हा तिचा."

तिने पुन्हा एकदा छेडली. पुन्हा एकदा. माझ्या अंगात इतक्या वर्षांनी तो सूर फिरला आणि सांध्यांतलं पीठसुद्धा हललं असेल. बाबांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

"सावकाश काकू," चष्मेवाला हळूच म्हणाला. "आता दुसरीकडे फिरवा. ही सोसणार नाही."

तिने अंगठा तारेवरून काढला. मग तिने खुंटी दुसरीकडे फिरवली. सूर उतरला, पार उतरला, आणि तार लोंबली. तिने एकामागून एक सहाही सैल केल्या. प्रत्येकीबरोबर माझी मान थोडी मागे जात होती. मला किती बरं वाटलं ते सांगू नये, पण वाटलं. आणि तितकंच रितं वाटलं.

"न्या तुम्ही," ती त्याला म्हणाली. "बरी करा. पण वाजवा तिला. भिंतीला नका लावू."

पैशांचं बोलणं बाबांनी आणि त्याने दारात केलं. माझं तिकडे लक्ष नव्हतं. त्याने मला सोबत आणलेल्या पेटीत ठेवलं, बाबांनी तारांवर जाड टॉवेल दुमडून घातला, झाकण बंद झालं आणि कड्या लागल्या. मी आत अंधारात होते. बाहेर आई म्हणाली, "मला दोन अभ्रे द्यायचेत संध्याकाळी," आणि मशीनवर बसली.

पायडल दाबलं गेलं. आवाज चढत गेला आणि त्या जुन्या वेगाला आला. आणि खोलीत कोणीतरी गुणगुणलं.

आईचा पाय थांबला. मशीन थांबलं. गुणगुण थांबली नाही. मी मोजत होते, मशीन थांबल्यावरही ती चारपाच श्वासांइतकी चालू राहिली. चष्मेवाल्याने पेटी हातात उचललेली होती, ती त्याने खाली ठेवून तिला कान लावला, तेही मला कळलं.

"पंखा असेल," बाबा म्हणाले.

"असेल," आई म्हणाली. तिने पुन्हा पायडल दाबलं आणि शिवत राहिली. वेग बदलला नाही. वर नाही, खाली नाही. दोन्ही अभ्रे तिने एका दमात शिवले, आणि आम्ही जिन्यावरून खाली उतरेपर्यंत मला तो एकसारखा आवाज ऐकू येत होता.

त्याला आठ वर्षं झाली. चष्मेवाल्याने माझी मान वाफेने सोडवून, ताजा सरस लावून पुन्हा बसवली. आता बाराव्या पडद्यापाशी तार अडीच मिलिमीटर आहे. तो मला हलक्या तारा लावतो, सकाळी दुकान उघडल्यावर वाजवतो आणि बंद करायच्या आधी थोडं सैल करतो. त्याला माझ्या कारागिराचा निरोप पोचला, उशिरा का होईना.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणा गेलेल्या माणसाची वस्तू असेल, तर तिला हात लावा. घड्याळ असेल तर चावी द्या, सायकल असेल तर तेल घाला, माझ्यासारखी कोणी असेल तर तिच्या तारा सैल करा आणि अधूनमधून वाजवा. बंद ठेवून कोणी जपलं जात नाही हो, मी भिंतीवरून बघितलंय. आणि कोणाच्या चपला परत मागायची वेळ स्वतःवर आणू नका.

आणि मला खोटारडी म्हणा, मी ऐकून घेईन. नऊ वर्षांतली प्रत्येक गुणगुण माझी होती. पण त्या दुपारी मी बंद पेटीत होते, तारांवर टॉवेल होता आणि सहाही तारा लोंबत होत्या. मी स्वतःला पुन्हा पुन्हा तपासलं आहे. तेव्हा जे कोणी गुणगुणलं, ते मी नव्हते.